थंडीत बॉलपेन का अडतं?

कडाक्याच्या थंडीत बॉलपेन उठेनासं झालं की आपण सरळ म्हणतो, शाई गोठली. बहुतेक वेळा ती गोठलेली नसते, घट्ट झालेली असते. बॉलपेनच्या शाईत पाणी नसतं. बेंझिल अल्कोहोलसारख्या सावकाश उडणाऱ्या द्रावकांत रंग आणि रेझिन विरघळवून ती बनवतात. एरवीही ती पाण्यापेक्षा हजारो पटींनी दाट असते. पारा उतरेल तशी ती मधासारखी जड होत जाते; अमुक अंशाला गोठली, असा ठळक क्षण येत नाही.

पेनाच्या टोकाला 1 मिलिमीटर किंवा त्याहून लहान गोळी असते. कागदावर ती फिरते आणि मागची शाई पुढे आणते. शाई जड झाली की गोळीपर्यंत ती वेळेत पोचत नाही. रेघ तुटते आणि मग नुसते ओरखडे उठतात. जोर लावून शाई पातळ होत नाही, कागद मात्र फाटतो. त्यापेक्षा रिफिल तळहातांत चोळावी. काडी पेटवून टोक शेकण्याचा उद्योग करू नये.

पॉल फिशर या अमेरिकी उद्योजकाने 1960च्या दशकात यावर वेगळी वाट काढली. त्याने बंद रिफिलमध्ये दाबाखालचा नायट्रोजन भरला आणि गोळी फिरताना घुसळली गेली तरच पातळ होईल अशी शाई वापरली. उणे 35 अंशांपर्यंत हे पेन लिहितं, असा कंपनीचा दावा आहे. 1968 मध्ये ते अपोलो 7 मधून अंतराळातही गेलं.

फाउंटन पेनची गोष्ट निराळी. त्यातली शाई मुख्यतः पाण्याची, त्यामुळे शून्याच्या थोडं खाली ती खरोखर गोठते. गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं, म्हणून काठोकाठ भरलेली काचेची दौत तडकू शकते. रंगकणांच्या शाईत आणखी एक धोका असतो: बर्फ वितळल्यावर कण गुठळ्या करून बसले, तर निबेची वाट बुजते. आणि गोठण्याइतकी थंडी नसली तरी खोड्या असतातच. अर्धवट भरलेलं गार पेन उबदार हातात आलं की आतली हवा पसरते, 0 ते 30 अंशांत जवळपास 11 टक्के, आणि निबेतून शाईचा थेंब टपकतो.

पेन्सिलीत द्रवच नाही, त्यामुळे यातलं काहीच तिला लागू होत नाही. अंटार्क्टिकावर 1912 मध्ये मृत्यूच्या दारात असलेल्या रॉबर्ट स्कॉट या ब्रिटिश शोधप्रवाशाने रोजनिशी पेन्सिलीनेच लिहिली होती.

घासून मिटवता येणाऱ्या काही पेनांत मात्र थंडी उलटंच काम करते. त्यांची शाई घर्षणाने साधारण 60 अंशांपुढे तापली की रंगहीन होते, पुसली जात नाही. तो कागद उणे 10 ते 20 अंशांत ठेवला, तर मिटवलेला मजकूर पुन्हा उमटतो. खाडाखोड कुणी वाचू नये असं वाटत असेल, तर तो कागद फाडलेलाच बरा.