टॉवर डोक्यावर, तरी रेंज नाही

दुर्गम भागात पोलिसांच्या किंवा वन विभागाच्या वायरलेसबद्दल एक तक्रार हमखास ऐकू येते: कंट्रोल रूमचं आम्हाला स्वच्छ ऐकू येतं, पण आमचं तिकडे पोचत नाही. मग कोणीतरी सुचवतं, रिपीटरची, म्हणजे आलेला संदेश पुन्हा जोरात पुढे पाठवणाऱ्या डोंगरावरच्या यंत्राची, पॉवर वाढवा. त्याने काहीच साधत नाही. ऐकू येणारं आणखी लांब ऐकू येईल, बोलणं अडायचं तिथेच अडेल.

अडचण हातातल्या सेटची आहे. डोंगरावर २५ वॉटचा रिपीटर आणि उंच अँटेना. खाली ५ वॉटची वॉकीटॉकी. १५० मेगाहर्ट्झला तरंगलांबी २ मीटर, म्हणजे पाव तरंगलांबीची अँटेना अर्धा मीटर हवी. सेटवर असते वीतभर रबरी शेपटी. त्यात सेट कमरेला अडकवून खांद्यावरच्या माइकमध्ये बोललं, की उरलेला सिग्नल आपलंच अंग खातं. सेट तोंडासमोर उभा धरला तरी बऱ्याचदा काम होतं. चौकीच्या छपरावर साधी पाव तरंगलांबीची अँटेना बसवली, तर त्याहून पुष्कळ फरक पडतो.

आता उंची. सपाट मुलखात मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढून ४.१ने गुणलं, की रेडिओचं क्षितिज किलोमीटरमध्ये मिळतं. जमिनीवरच्या दोघांना मिळून जेमतेम १० किलोमीटर; ४०० मीटर उंच माथ्याला ८०. पण सह्याद्री सपाट नाही. कोयनेचं खोरं महाबळेश्वरपासून हेळवाकपर्यंत दक्षिणेकडे उतरतं, दोन्ही बाजूंना डोंगररांगा. रांगेपलीकडच्या माथ्यावरून या खोऱ्याच्या तळात लहरी कडेवरून वाकून जेवढ्या उतरतील तेवढ्याच. कमी वारंवारतेच्या लहरी जास्त वाकतात, म्हणून अशा ठिकाणी ४०० मेगाहर्ट्झपेक्षा १५० बरी.

सगळ्यात चक्रावणारी जागा मात्र टॉवरच्या पायथ्याची. जास्त गेनची अँटेना ऊर्जा चपटी करून क्षितिजाकडे फेकते. उभ्या दिशेत झोत जेमतेम पंधरा-वीस अंशांचा. माथा ६०० मीटर उंच आणि वाडी आडव्या अंतराने १ किलोमीटरवर असेल, तर ती ३१ अंश खाली आहे. झोत तिच्या डोक्यावरून निघून जातो. उपाय दोन: झोत खाली कललेली अँटेना, नाहीतर सरळ कमी गेनचा डायपोल, म्हणजे दोन दांड्यांची साधी अँटेना.

केबलकडे कोणी बघत नाही. ३० मीटर बारीक आरजी-५८ केबलमध्ये १५० मेगाहर्ट्झला सुमारे ६ डेसिबल जातात, म्हणजे २५ वॉटमधले वर पोचतात सहा. पावसाळ्यात कनेक्टरमध्ये पाणी शिरलं की तेही नाहीत. जोडावर आपोआप चिकटून एकजीव होणारी रबरी टेप ताणून गुंडाळावी आणि केबल आत शिरण्याआधी खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तिथून ठिबकतं.

सौर पॅनेलचा हिशेब तर उन्हाळ्यात करतात आणि आषाढात तो फसतो. नुसता ऐकत बसलेला रिपीटर अर्धा अँपिअर घेतो, बोलताना सहा. दिवसाचा दहावा हिस्सा बोलणं धरलं तर २६ अँपिअर-तास. १०० अँपिअर-तासांची लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्मीच वापरायची, म्हणजे ढगाळ दोन दिवसांत खेळ आटोपला.

डिजिटल सेट आल्यावर तक्रारींचा सूर बदलतो. अ‍ॅनालॉगमध्ये खरखर वाढत जाते, माणूस दोन पावलं सरकतो. डिजिटल शेवटपर्यंत स्वच्छ बोलतं आणि अचानक गप्प होतं. रेंजची चाचणी घेताना म्हणूनच एका जागी उभं राहून ‘नाही’ लिहू नये. डोंगरावरून परतलेल्या लहरी एकमेकींना खोडतात आणि असे खड्डे साधारण मीटर-मीटरवर पडतात. एक पाऊल बाजूला व्हा आणि पुन्हा हाक मारा.