रोटरी इंजिनाचा शोध माझदाने लावला का?

त्रिकोणी रोटरच्या फिरण्यावर चालणारे रोटरी इंजिन जपानच्या माझदा कंपनीने शोधून काढले, हा समज मोटारप्रेमींमध्ये वर्षानुवर्षे रूढ आहे. तो खरा नाही. ही कल्पना जर्मनीच्या फेलिक्स वांकेल यांची असून, एनएसयू या जर्मन कंपनीत १९५७ साली असे पहिले इंजिन चालले आणि १९६४ मध्ये त्याच कंपनीची स्पायडर ही मोटार बाजारात आली. माझदाने, म्हणजे हिरोशिमाच्या तेव्हाच्या तोयो कोग्यो कंपनीने, १९६१ मध्ये परवाना घेतला, इतकेच.

अर्थात, ‘इतकेच’ म्हणणे अन्यायाचे होईल. रोटरच्या टोकांवरील सील, म्हणजे वायू निसटू न देणाऱ्या पट्ट्या, इंजिनाच्या आतल्या भिंतीवर ओरखडे पाडत, ज्यांना तिथले अभियंते ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ म्हणत. केनिची यामामोतो यांच्या चमूने कार्बन आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रणाचे सील वापरून ही अडचण दूर केली आणि १९६७ मध्ये दोन रोटरची कॉस्मो स्पोर्ट विक्रीस आणली. त्याच वर्षी आलेल्या एनएसयूच्या आरओ ८० ला मात्र सीलच्याच तक्रारींनी ग्रासले. पुढे १९९१ मध्ये ल मां येथील २४ तासांची शर्यत माझदाच्या चार रोटरच्या ७८७बी या मोटारीने जिंकली, तेव्हा शोधाचे श्रेयही माझदाच्या खात्यावर जमा झाले असावे.