गुडघा सुजला की मांडी ऐकेनाशी होते

जुलैत ठाण्यातल्या येऊरच्या डोंगरावरून उतरताना माझ्या भाचीचा पाय ओल्या दगडावरून सटकला आणि उजवा गुडघा पिरगळला. एमआरआयमध्ये गुडघ्यातली गादी, म्हणजे मेनिस्कस, थोडी फाटलेली दिसली. ऑपरेशन नको, फिजिओ सुरू करा, असं डॉक्टरांनी सांगितलं. पाचपाखाडीतल्या घरात मात्र तिच्या आजीने, म्हणजे माझ्या आईने, निकाल देऊन टाकला: दिवाळीपर्यंत जिमचं नाव काढायचं नाही.

तिसऱ्या दिवशी फिजिओने गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि म्हणाली, गुंडाळी खाली दाब, मांडी घट्ट कर. बस, एवढंच. महिन्यापूर्वी खांद्यावर ६० किलो घेऊन स्क्वॉट मारणारी ही मुलगी रडकुंडीला आली. "मावशी, मी जोर लावतेय गं, पण मांडी ऐकतच नाही. आणि दुखतही नाहीये."

तीन दिवसांत स्नायू एवढा झिजत नाही. मग जोर गेला कुठे?

निरोगी गुडघ्यात वंगणाचा द्रव चमचाभरसुद्धा नसतो. इजा झाली की सांध्याचं आतलं अस्तर जास्त द्रव स्रवतं, कधी रक्तही उतरतं. आपण म्हणतो, गुडघ्यात पाणी झालं. त्या पाण्याने सांध्याभोवतीची पिशवी ताणली जाते. पिशवीत ताण ओळखणारी चेतातंतूंची टोकं असतात. ती मज्जारज्जूला सतत संदेश धाडू लागतात, आणि तिथल्या मध्यस्थ चेतापेशी मांडीच्या पुढच्या स्नायूला हुकूम देणाऱ्या चेतापेशींना दाबून धरतात. मेंदूचा आदेश वरून येतो, पण मज्जारज्जूतच अडतो. वेदना नसली तरी हे घडतं.

१९६५ साली संशोधकांनी गुडघ्यात मुद्दाम द्रव टोचून पाहिला, तर मांडीचा स्नायू ढिला पडला. १९८४ च्या प्रयोगात आणखी बारकावा हाती आला. त्यात माणसाला जोर लावायला सांगितलंच नाही. मांडीकडे जाणाऱ्या चेतेला विजेचा हलका झटका द्यायचा, तो मज्जारज्जूपर्यंत जाऊन परत स्नायूत येतो, त्या परतीच्या प्रतिसादाची उंची मोजायची. इच्छाशक्तीचा, भीतीचा संबंधच उरत नाही. मांडीचा हा स्नायू चार भागांचा असतो. गुडघ्याच्या जरा वर, आतल्या बाजूला थेंबासारखा फुगवटा दिसतो तो त्यातलाच एक. अवघं २० ते ३० मिलीलिटर मिठाचं पाणी गुडघ्यात गेलं की या थेंबाचा प्रतिसाद घसरला. बाकीच्या भागांना ५० ते ६० मिलीलिटर लागलं. म्हणजे डोळ्यांना जेमतेम जाणवेल एवढी सूजही पुरते! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ स्वतःच्या मांडीकडे बघत बसले होते.

स्नायूचे जे तंतू हुकमाविना पडून राहतात ते झिजतात. हा अटकाव नुसत्या आरामाने सुटेलच असं नाही, लिगामेंटच्या दुखापतीनंतर तो महिनोन्महिने राहिलेला आढळतो. म्हणून आधी सूज उतरवायची. व्यायामापूर्वी २० मिनिटं बर्फ ठेवला तर अटकाव काही वेळ सैल होतो. त्या वेळात मांडी आवळायची, पाय सरळ ठेवून उचलायचा, आणि गुडघा सोसेल तसं वजन वाढवत न्यायचं. वजन वाढवत नेण्याची ही पद्धत रुळली तीच मुळी जखमी सैनिकांमुळे. थॉमस डीलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरने शिकागोच्या इस्पितळात त्यांच्या कमकुवत मांड्यांना जड वजनं दिली आणि १९४५ मध्ये आपले निष्कर्ष छापले.

लोकलच्या डब्यात 'गुडघ्याचं वंगण परत आणणाऱ्या' तेलाची आणि चुंबकाच्या पट्ट्यांची जाहिरात दिसते. वंगण आतलं अस्तर तयार करतं. कातडीवर चोळलेलं तेल तिथे पोचत नाही, आणि मज्जारज्जूतला अटकाव चुंबकाला कळत नाही. हे पैसे फिजिओच्या फीला लावा.

दुसरी गोष्ट धडधाकट पायाची. १८९४ साली येल विद्यापीठात एका हाताच्या मुठीला सराव दिला, तर दुसरी मूठही बळकट झाली. पुढच्या अनेक अभ्यासांचा मेळ घातला तर न वापरलेल्या बाजूची ही वाढ सरासरी ८ ते १२ टक्के भरते. त्या बाजूचा स्नायू जाड होत नाही, मेंदू आणि मज्जारज्जू हुकूम द्यायला सुधारतात. डाव्या पायाचा व्यायाम केला की उजव्याची ताकद जराही उतरणार नाही, असं रील्समध्ये सांगतात ते अतिरंजित आहे. पण खाटेवर पडलेल्यासाठी १० टक्केही मोलाचे.

गुडघा अडकत असेल, अंगभार टाकताच दगा देत असेल किंवा गादीला टाके घातले असतील तर वजन, कोन, तारखा सगळं सर्जनच ठरवणार. तिथे माझं किंवा जिममधल्या ट्रेनरचं ऐकू नका.

भाची आता डाव्या पायाने लेग प्रेस करते, बसून पुलडाऊन करते, उजव्याला फिजिओने दिलेलं तेवढंच. रोज सकाळी गुडघ्याच्या वाटीच्या मध्यावर टेप लावून घेर लिहून ठेवते. सेंटिमीटरने वाढला तर त्या दिवशी उजव्याचं वजन उतरतं. गेल्या आठवड्यात गुडघ्यावरचा तो थेंब पुन्हा उठून दिसायला लागला. त्याचा फोटो तिने सगळ्यात आधी आजीला पाठवला.