ग्लिया पेशी आणि मेंदूचा ऱ्हास: एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी
ग्लिया, म्हणजे मेंदूतील चेतापेशींच्या सोबतच्या इतर पेशी, मेंदूचा ऱ्हास घडवतात की तो झाल्यावर केवळ प्रतिसाद देतात, हा तो जुना प्रश्न. आलोइस अल्झायमर यांनी आपल्या प्रसिद्ध रुग्णाच्या मेंदूविषयीचे टिपण १९०७ मध्ये छापले, तेव्हा वाचकांचे लक्ष चेतापेशींतील तंतूंच्या गुंत्यांकडे आणि पेशींबाहेर साचलेल्या पदार्थाकडे गेले. ग्लिया पेशींत तंतू वाढले आहेत आणि त्यांपैकी अनेकींत चरबी साठली आहे, ही त्याच टिपणातील नोंद मात्र दीर्घकाळ उपेक्षित राहिली. रुडॉल्फ फिरखो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ग्लियाचे वर्णन चेतापेशींमधली जागा भरणारी ऊती असे केले होते, आणि भरावाकडून कोणी कर्तृत्वाची अपेक्षा करत नाही.

माद्रिदच्या पीओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये चांदीच्या क्षारांनी रंगवण्याच्या आपल्या पद्धतीने मायक्रोग्लिया ही ग्लियांपैकी एक पेशी वेगळी ओळखली. इजा झालेल्या भागात ती आपले फाटे आखडून गोल होते, तेथवर सरकते आणि मृत पेशींचे अवशेष गिळते, असे त्यांनी दाखवले. यातून एक ठाम क्रम रूढ झाला: आधी चेतापेशी मरते, मग मायक्रोग्लिया सफाई करतात आणि अ‍ॅस्ट्रोसाइट या ताऱ्याच्या आकाराच्या ग्लिया पेशी तेथे व्रण तयार करतात.

या क्रमाला पहिला छेद १९६८ मध्ये गेला. ब्लिन्झिंगर आणि क्रॉइत्झबर्ग यांनी उंदरांच्या चेहऱ्याची नस कापून पाहिले, तेव्हा मायक्रोग्लिया जिवंत चेतापेशींवरील सिनॅप्स, म्हणजे दोन चेतापेशींमधील जोडण्या, विलग करताना दिसल्या. पुढे १९८८ मध्ये कॅनडातील पॅट्रिक मॅकगिअर व सहकाऱ्यांनी अल्झायमर आणि पार्किन्सन या दोन्ही आजारांतील मेंदूंमध्ये सक्रिय मायक्रोग्लिया आढळल्याचे नोंदवले. सक्रिय मायक्रोग्लिया ही दाहाची खूण मानली गेल्याने दाहशामक औषधांविषयी मोठी आशा निर्माण झाली, पण नॅप्रोक्सेन आणि सेलेकॉक्सिब या दाहशामकांची अल्झायमर टाळण्यासाठीची मोठी चाचणी २००४ मध्येच थांबवावी लागली आणि लाभही दिसला नाही. नुसता दाह दडपणे हा फारच ढोबळ उपाय होता, असे आता मागे वळून पाहताना वाटते.

कार्यकारणाचा खरा उलगडा जनुकशास्त्रातून होऊ लागला. एएलएस या स्नायू दुबळे करणाऱ्या आजाराच्या उंदरांत सदोष एसओडी-१ जनुक केवळ मायक्रोग्लिया आणि त्यांच्या जवळच्या पेशींतून काढले, तर आजाराची सुरुवात फारशी पुढे ढकलली जात नाही, परंतु त्याची पुढची वाटचाल बरीच मंदावते, असे २००६ मध्ये डॉन क्लीव्हलँड यांच्या प्रयोगशाळेने दाखवले. म्हणजे आजार सुरू कोठे होतो आणि तो वाढवते कोण, हे दोन निराळे प्रश्न ठरले. २०१३ मध्ये दोन स्वतंत्र गटांना ट्रेम-२ जनुकातील एक दुर्मीळ बदल सापडला, जो अल्झायमरचा धोका सुमारे तिपटीने वाढवतो. मेंदूत हे जनुक मुख्यतः मायक्रोग्लियांत कार्यरत असते. आणि जन्मतःच असलेला बदल हा आजाराचा परिणाम असूच शकत नाही.

२०१७ मध्ये शेन लिडलो आणि बेन बॅरेस यांच्या गटाने, मायक्रोग्लियांनी स्रवलेली तीन प्रथिने अ‍ॅस्ट्रोसाइटना चेतापेशींसाठी घातक बनवू शकतात, हे मांडले. त्यातून ‘घातक’ आणि ‘हितकर’ अशी सुटसुटीत विभागणी लोकप्रिय झाली, पण २०२१ मध्ये अनेक संशोधकांनी मिळून अशा दुहेरी कप्प्यांविरुद्ध इशारा दिला, कारण एकाच मेंदूत, एकाच वेळी या पेशींच्या अनेक अवस्था आढळतात. ट्रेम-२ ला चालना देणारे एक प्रतिपिंड सुरुवातीच्या अल्झायमरमध्ये आजार मंदावू शकले नाही, असे २०२४ मध्ये जाहीर झाले. त्यामुळे या पेशींना कोणत्या टप्प्यावर चालना द्यायची आणि कोणत्या टप्प्यावर आवरायचे, यावर संशोधकांत आज वाद चालू आहे.