साम्याचे टक्के आणि एआयचे टक्के: एकाच अहवालातले दोन वेगळे आकडे

शोधप्रबंध जमा करण्यापूर्वी ग्रंथालयातून जो तपासणी-अहवाल मिळतो, त्यावर पूर्वी एकच आकडा असे. आता अनेक ठिकाणी दोन असतात. पहिला साम्याचा: आपला मजकूर इतरत्र उपलब्ध असलेल्या मजकुराशी किती जुळतो. दुसरा एआयचा: आपल्या मजकुराचा किती भाग यंत्राने लिहिलेला असावा, याचा अंदाज. दोन्ही टक्क्यांत असतात, बऱ्याचदा एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून येतात आणि मार्गदर्शकांच्या टेबलावर एकाच पाकिटातून पोहोचतात. त्यामुळे ‘दहाच्या आत आहे ना?’ हा प्रश्न दोन्हींना सारखाच विचारला जातो. साम्याच्या आकड्याबाबत तो विचारण्यात अर्थ आहे, कारण त्यामागे नियम आहे. एआयच्या आकड्याला तीच मोजपट्टी लावणे मात्र सरळसरळ चूक आहे.

साम्य तपासणारे सॉफ्टवेअर मजकुराचे लहान लहान तुकडे करते आणि ते संकेतस्थळे, नियतकालिके व पूर्वी जमा झालेले प्रबंध यांच्या साठ्याशी ताडून पाहते. जुळणाऱ्या ओळी अहवालात रंगवलेल्या दिसतात आणि प्रत्येक रंगाला एक क्रमांक असतो. त्या क्रमांकासमोर मूळ स्रोत दिलेला असतो. या आकड्याचे खरे बळ इथे आहे. १७ टक्के साम्य दिसले, तर ते १७ टक्के कोठून आले हे कोणीही उघडून पाहू शकतो आणि त्यातले कोणते उचललेले, कोणते रीतसर उद्धृत केलेले आणि कोणते योगायोगाचे, हे माणसाच्या नजरेने ठरवू शकतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याला आळा घालण्यासाठी जे विनियम अधिसूचित केले, त्यांतील पायऱ्या याच साम्यावर उभ्या आहेत. १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत साम्य असल्यास विद्यार्थ्याला सहा महिन्यांच्या आतील ठरावीक मुदतीत सुधारित प्रबंध द्यावा लागतो. ४० ते ६० या पायरीवर सुधारित प्रबंध एक वर्ष सादर करता येत नाही, आणि ६० टक्क्यांच्या वर नोंदणीच रद्द होते. प्राध्यापकांच्या प्रसिद्ध लेखनासाठी वार्षिक वेतनवाढ रोखणे आणि काही वर्षे नवे विद्यार्थी घेण्यास मनाई अशा वेगळ्या शिक्षा आहेत. विनियमांनी काही गोष्टी मोजणीतून वगळल्याही आहेत: श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, कायद्यांची कलमे, प्रमाणित समीकरणे आणि सर्वसामान्य ज्ञानाचे किंवा योगायोगाने जुळणारे सलग चौदा शब्दांपर्यंतचे तुकडे.

कागदावरची ही वगळणूक सॉफ्टवेअरच्या खिडकीत आपोआप होतेच असे नाही. संतसाहित्यावरच्या प्रबंधाचे उदाहरण घ्या. त्यात पानोपानी ओव्या आणि अभंग असणार, आणि मराठीत पद्य उद्धृत करण्याची रूढ पद्धत म्हणजे समास सोडून, अवतरणचिन्हांशिवाय ओळी मांडणे. ‘अवतरणे वगळा’ हा पर्याय निवडला तरी यंत्र प्रामुख्याने अवतरणचिन्हे शोधते, त्यामुळे जिथे ती नाहीत तिथे ओवीची ओवी साम्यात धरली जाऊ शकते. अशा प्रबंधाचा आकडा २८ आला म्हणून कोणी हबकून जाऊ नये. रंगवलेल्या ओळी समोर ठेवल्या, तर खुलासा पाच मिनिटांत होतो. कमी आकड्यावरही डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोडपूर्व (सर्व लिप्यांसाठीची आजची प्रमाण संकेतपद्धती येण्याआधीच्या) फाँटमध्ये टंकलेला मजकूर पडद्यावर देवनागरी दिसला तरी संगणकाच्या लेखी तो विस्कळीत रोमन अक्षरांचा ढीग असतो. तो युनिकोडमधल्या कशाशीही जुळणार नाही, आणि अख्खे प्रकरण दुसऱ्याच्या ग्रंथातून उतरवलेले असले तरी साम्य शून्याच्या आसपास येईल. माझ्या मते मराठी प्रबंधांबाबत हा प्रश्न एआयपेक्षा मोठा आहे, आणि त्याची चर्चा त्या मानाने फारच थोडी होते.

आता दुसरा आकडा. एआय ओळखणारे साधन कशाशीही ताडून पाहत नाही, कारण ताडून पाहायला मूळ असे काही नसतेच. चॅटजीपीटी प्रत्येक वेळी नवी वाक्यरचना देते. हे साधन फक्त मजकुराचा पोत मोजते: पुढचा शब्द किती अपेक्षित आहे, वाक्यांची लांबी व ठेवण किती एकसारखी आहे, वगैरे. शब्द फार अपेक्षित असले की मजकूर यंत्राचा असण्याची शक्यता अधिक, असा हिशेब. अहवालात इथेही ओळी रंगवलेल्या असतात, पण त्या रंगामागे स्रोत नसतो. ‘ही ओळ यंत्राची कशावरून?’ या प्रश्नाला ‘यंत्राला तसे वाटते’ याखेरीज उत्तर नाही, आणि विद्यार्थ्याला खोडून काढता येईल असा पुरावाही नाही.

हे साधन बनवणाऱ्यांनाही याची कल्पना आहे. चॅटजीपीटीची कंपनी ओपनएआय हिने जानेवारी २०२३ मध्ये स्वतःचे ओळख-साधन काढले आणि अचूकता कमी असल्याचे कारण देऊन त्याच वर्षी जुलैमध्ये ते बंद केले. तिच्याच चाचणीत ते यंत्राच्या मजकुरापैकी जेमतेम २६ टक्के ओळखत होते आणि माणसाने लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर यंत्राचा शिक्का मारत होते. साम्य तपासणारे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या टर्निटिन या कंपनीची एआय-तपासणी एप्रिल २०२३ मध्ये सुरू झाली; २० टक्क्यांखालचा आकडा पुरेसा भरवशाचा नसल्याने तो आता आकड्याऐवजी ताराचिन्हाने दाखवला जातो. म्हणजे साम्याच्या नियमात जिथून दंड सुरू होतो, ती दहाची रेषा एआयच्या मोजणीत खुद्द कंपनीच्या मते आकडा देण्याजोग्या पट्ट्यातही येत नाही. अमेरिकेतील व्हॅन्डरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये ही तपासणी बंद केली, तेव्हा साधा हिशेब मांडला होता: २०२२ मध्ये त्यांच्याकडून ७५ हजार निबंध तपासणीला गेले होते, चुकीचे प्रमाण एक टक्का धरले तरी साडेसातशे निबंधांवर खोटा ठपका आला असता.

आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे काम स्टॅनफर्डच्या संशोधकांचे आहे. २०२३ मध्ये त्यांनी सात ओळख-साधनांना टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध दिले. ते सर्व माणसांनी, इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्यांनी लिहिलेले होते. या साधनांनी सरासरी ६१ टक्क्यांहून अधिक निबंध यंत्राचे ठरवले, तर अमेरिकी शाळकरी मुलांच्या निबंधांबाबत त्यांचा अंदाज जवळपास बिनचूक होता. कारण उघड आहे. जो परक्या भाषेत जपून लिहितो, तो ठरावीक शब्द आणि ठरावीक वाक्यरचना वापरतो, आणि नेमका तोच पोत या साधनांना यंत्राचा वाटतो. पुढची गंमत अशी, की तेच निबंध चॅटजीपीटीला देऊन त्यांतली शब्दसंपदा वाढवून घेतल्यावर खोट्या ठपक्यांचे प्रमाण एकदम खाली आले. नांदेड किंवा सांगलीच्या महाविद्यालयात मराठी माध्यमातून शिकून इंग्रजीत प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने या निष्कर्षाची प्रत जवळ ठेवायला हरकत नाही.

या दोन आकड्यांचे आपसांतही एक विचित्र नाते आहे. साम्य कमी करण्यासाठी अनेक जण मजकूर शब्दपालट करणाऱ्या साधनांतून काढतात. ‘टक्के कमी करून मिळतील’ असे सांगणारी दुकानेही त्यावरच चालतात. साम्य उतरते, पण एआयचा आकडा चढू शकतो. चॅटजीपीटी येण्याच्या आधीच, २०२१ मध्ये, फ्रेंच संगणकशास्त्रज्ञ गियोम कबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा शब्दपालटाच्या खुणा छापील शोधनिबंधांत दाखवून दिल्या होत्या: ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’च्या जागी ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’, ‘बिग डेटा’च्या जागी ‘कोलॉसल इन्फर्मेशन’. साम्याच्या अहवालात हे निबंध सुटून जातात, जाणत्या वाचकाच्या पहिल्या नजरेत मात्र अडकतात. एआयने रचलेले, अस्तित्वातच नसलेले संदर्भ तर दोन्ही अहवालांतून निसटतात, कारण संदर्भसूची साम्याच्या मोजणीतून वगळलेलीच असते आणि ओळख-साधनाला गद्य हवे असते, याद्या नव्हेत. ते पकडायचे तर एकेक संदर्भ उघडून पाहण्याखेरीज उपाय नाही.

मग एआयच्या वापराबाबत नियतकालिकांचे नियम काय सांगतात? ते टक्क्यांच्या भाषेत बोलतच नाहीत. २०२३ पासून जी भूमिका स्थिरावली आहे, तिचे दोन खांब आहेत. पहिला: एआय-साधन लेखक असू शकत नाही, कारण लेखकाला मजकुराची जबाबदारी घ्यावी लागते आणि ती यंत्र घेऊ शकत नाही. प्रकाशन-नीतिमत्तेची आंतरराष्ट्रीय समिती ‘कोप’ आणि वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती, दोघींचे यावर एकमत आहे. दुसरा: वापर केला असेल, तर तो जाहीर करा. ‘सायन्स’ या नियतकालिकाने जानेवारी २०२३ मध्ये असा मजकूर सरसकट नाकारला होता, नोव्हेंबरपर्यंत त्यांनीही जाहीर करण्याच्या अटीवर परवानगी दिली.

तपशिलात फरक आहेत, आणि निबंध पाठवताना तेच पाहावे लागतात. वैद्यकीय संपादकांच्या समितीनुसार लेखनाला मदत घेतली असेल तर ती ऋणनिर्देशात सांगायची, आणि विदेचे (डेटाचे) विश्लेषण किंवा आकृत्या यांसाठी घेतली असेल तर संशोधनपद्धतीच्या भागात. एल्सव्हियर या प्रकाशनसंस्थेला संदर्भसूचीच्या आधी स्वतंत्र निवेदन हवे असते, पण निव्वळ शुद्धलेखन व व्याकरण तपासण्यासाठी ते मागितले जात नाही. स्प्रिंगर नेचर ही प्रकाशनसंस्थाही लेखकाने स्वतः लिहिलेल्या मजकुराची भाषा सुधारून घेणे जाहीर करायला सांगत नाही. मराठीत लिहून एआयकडून इंग्रजीत आणलेला निबंध यांपैकी कुठे बसतो? माझ्या मते ती भाषा सुधारणे नव्हे, कारण इंग्रजी मजकुरातला शब्द न् शब्द यंत्राने निवडलेला असतो, आणि म्हणून तो सांगावा. त्यासाठी चार ओळी पुरतात: ‘या निबंधाचा मूळ मसुदा लेखकाने मराठीत लिहिला. त्याच्या इंग्रजी भाषांतरासाठी चॅटजीपीटीचे साहाय्य घेतले. भाषांतर लेखकाने मूळ मसुद्याशी ओळीओळीने ताडून दुरुस्त केले आहे. मजकुराची संपूर्ण जबाबदारी लेखकाची आहे.’

जाहीर न करण्याची किंमत मोठी असते. २०२४ मध्ये एल्सव्हियरच्या एका नियतकालिकातील निबंधाची प्रस्तावना ‘नक्कीच, तुमच्या विषयासाठी ही एक संभाव्य प्रस्तावना’ अशा अर्थाच्या वाक्याने सुरू होत असल्याचे उघडकीस आले आणि पुढे तो निबंध मागे घेतला गेला. ते वाक्य कोणत्याही यंत्राने पकडले नव्हते. वाचकांनी वाचले, एवढेच.

विद्यापीठाच्या समितीपुढे जाण्याची वेळ आलीच, तर २०१८ च्या विनियमांतली एक तरतूद लक्षात ठेवावी: चौकशी करणाऱ्या समितीने नैसर्गिक न्यायाची तत्त्वे पाळली पाहिजेत. साम्याच्या आक्षेपाला उत्तर रंगवलेल्या ओळी आणि त्यांचे स्रोत दाखवून देता येते. एआयच्या आक्षेपाला उत्तर देताना मसुदे कामी येतात: तारखांसह जपलेल्या फायली, मार्गदर्शकांनी पेन्सिलीने खुणा केलेली पाने, क्षेत्रकार्याच्या वह्या, गूगल डॉक्समधला बदलांचा इतिहास. आणि ज्या अहवालाच्या आधारे आक्षेप घेतला, तो इंग्रजीसाठी घडवलेल्या साधनाचा असून प्रबंध मराठीत असेल, तर ते साधन मराठी मजकुरावर कोणी आणि कधी पडताळले, हे विद्यार्थ्याने समितीला लेखी विचारावे.