ओझोनमापक उपग्रह: अचूकता वेगळी, स्थैर्य वेगळं
‘उपग्रहाचे ओझोनचे आकडे जमिनीवरून ओझोन मोजणाऱ्या डॉब्सन यंत्राशी दोन टक्क्यांच्या आत जुळतात, म्हणजे त्याने दाखवलेली घटही खरी.’ हे वाक्य पुन्हा कुठे वाचलं की डोकं उठतं.

अचूकता सगळ्यांना कळते. ओझोन ३०० डॉब्सन एकक (डोक्यावरच्या हवेतला एकूण ओझोन मोजायचं माप) असेल तर यंत्राने ३०० दाखवावं, संपलं. कॅलिब्रेशन आणि पडताळणी यांतला फरकही कळायला सोपा: एकात यंत्राचं माप ठरवतात, दुसऱ्यात नुसतं ताडून बघतात.

घोळ होतो तो स्थैर्यापाशी, म्हणजे यंत्राची चूक वर्षानुवर्षं तेवढीच राहते का, यापाशी. यंत्र कायम ३०० ला ३०६ म्हणत असेल, तरी दहा वर्षांतली टक्केवारी बरोबरच निघते, कारण चूक दोन्ही टोकांना सारखी असल्याने भागाकारात उडून जाते. याउलट पहिल्या वर्षी चोख ३०० आणि दहाव्या वर्षी तेवढ्याच ओझोनला २९४ दाखवणारं यंत्रही ‘दोन टक्क्यांच्या आत’च बसतं, पण कधी झालीच नाही अशी घट ते दाखवून मोकळं होतं. वरच्या स्थितांबरात (ओझोन असलेल्या उंचावरच्या हवेच्या थराच्या वरच्या भागात) २००० नंतर ओझोन भरून येतोय तोच मुळी दशकाला १ ते ३ टक्क्यांच्या घरात, म्हणजे या खोट्या घटीएवढाच.

१९७८ साली गेलेल्या निंबस-७ या उपग्रहावर नेमकं हेच झालं. पृथ्वीवरून परतलेला अतिनील प्रकाश भागिले सूर्याचा प्रकाश, असं हे गणित. सूर्याकडे थेट बघता येत नाही, म्हणून तेव्हा मध्ये डिफ्यूझरची, म्हणजे ऊन विखरून मंद करणारी, पट्टी येते. पृथ्वीकडे बघताना ती नसते. ऊन खाऊन पट्टी काळवंडली, आखूड तरंगलांबीला जरा जास्तच. सूर्य मंद वाटू लागला, गुणोत्तर फुगलं, हवेने अतिनील कमी शोषल्यासारखं दिसलं आणि ओझोन कमी निघाला. घट खरोखरच होत होती, पण आकडा फुगलेला होता.

यावर काही जण उपग्रहाचे आकडे डॉब्सनला जुळवून घेतात आणि वर ‘डॉब्सनही दुजोरा देतो’ म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. त्यापेक्षा पुढच्या उपग्रहांवरच्या एसबीयूव्ही-२ या ओझोनमापक यंत्रांवर पट्टी तपासायला पाऱ्याचा दिवा बसवला, ते शहाणपणाचं. १९८९ ते १९९६ मध्ये स्पेस शटलमधून तसंच यंत्र आठदा वर गेलं आणि दर खेपेला प्रयोगशाळेत परत तपासलं गेलं.

एक पोटकलम मात्र आहे. कायमची चूक निरुपद्रवी, ती एकच यंत्र असेपर्यंत. ३०६ वाल्याच्या मागे २९८ वालं जोडलं की सांध्यावर खोटी पायरी पडते. म्हणून जुना उपग्रह बंद पडण्याआधी नवा वर हवा, दोघांनी काही काळ तेच आकाश मोजलेलं हवं.