केनियाची सफारी: पैसे कुठे लागतात आणि कुठे वाचवू नयेत

केनियाची चौकशी करायला येणाऱ्या मंडळींचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "माणशी किती?" त्याचं उत्तर आम्ही लगेच देत नाही. कोणत्या महिन्यात जाणार आणि मसाई मारा अभयारण्यात किती दिवस राहणार, हे आधी कळावं लागतं. बाकीचे आकडे थोडे मागेपुढे होतात, खर्च खरा वाढतो किंवा उतरतो तो या दोन गोष्टींवर. म्हणून हे पत्रक घरी सगळ्यांनी मिळून वाचा आणि मग आमच्याकडे या.

महिना कोणता?

टांझानियातलं सेरेंगेटी आणि केनियातलं मसाई मारा हे एकच सलग माळरान आहे, मध्ये फक्त देशाची सीमा. दहा लाखांहून जास्त वाइल्डबीस्ट (हरणासारखे मोठे, शिंगांचे प्राणी) आणि त्यांच्यासोबत लाखोंनी झेब्रे गवताच्या आणि पावसाच्या मागे या माळावर वर्षभर गोल फिरत असतात. साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात त्यांचे कळप मारात असतात. मारा नदी ओलांडणारे कळप आणि पाण्यात टपलेल्या मगरी हे दृश्य याच दिवसांतलं. पण कळप नदी कधी उतरेल हे वाटाड्यालाही सांगता येत नाही. काठावर तासन्‌तास उभे राहून माघारी फिरणारे कळप आम्ही पाहिले आहेत. त्यामुळे 'क्रॉसिंग दाखवतोच' अशी हमी आम्ही देत नाही, आणि कुणी देत असेल तर तिच्यावर विसंबू नका.

आपल्याकडची अडचण शाळेच्या सुट्ट्यांची. मेमध्ये तिकडे मोठा पाऊस सरत आलेला असतो, गवत उंच वाढलेलं असतं आणि कच्च्या रस्त्यांवर चिखल असतो. दिवाळीत गेलात तर कळप बहुतेक परतीच्या वाटेवर असतात आणि छोटा पाऊस सुरू होत असतो. शाळेत जाणारी मुलं असतील तर आम्ही मनापासून जून महिन्याचा पहिला पंधरवडा सुचवतो. पाऊस ओसरलेला असतो, गर्दी कमी असते आणि आपल्या शाळा उघडायच्या आत परत येता येतं. वाइल्डबीस्टचे मोठे कळप तेव्हा पोहोचलेले नसतात, हे खरं. पण सिंह, चित्ते, बिबटे, हत्ती, जिराफ, पाणघोडे यांचा मुक्काम तिथे बारा महिने असतो. मुलांचा प्रश्न नसेल आणि कळपच पाहायचे असतील, तर गणपती करून सप्टेंबरअखेर निघा.

माराची फी

ताडोबाला आपण जिप्सीचं बुकिंग करतो आणि सकाळ-दुपारच्या फेऱ्या मोजतो. मारात हिशेब माणशी आणि दिवसावर आहे. २०२४ पासून परदेशी प्रौढ पर्यटकाला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर फी आहे. ९ ते १७ वयाच्या मुलांना ५० डॉलर. एक तिकीट सकाळी ६ ते संध्याकाळी ६ एवढंच चालतं.

आई-वडील आणि ९ ते १७ वयाची दोन मुलं असं चौघांचं घर तीन दिवस मारात फिरणार असेल तर सप्टेंबरमध्ये फी होते १,५०० डॉलर, जूनच्या सुरुवातीला ९००. डॉलर ९० रुपये धरला तर फरक ५४,००० रुपयांचा. लॉजच्या दरात घासाघीस करून एवढे पैसे सहसा वाचत नाहीत.

अजून एक बारकावा. नैरोबीहून गाडीने मारात पोहोचायला पाच-सहा तास लागतात. उद्यानाबाहेरच्या लॉजवर उतरणार असाल आणि पोहोचायलाच दुपारचे चार वाजणार असतील, तर त्या दिवशी आत शिरू नका. दीड तासाच्या फेरीसाठी अख्ख्या दिवसाची फी जाते. संध्याकाळ लॉजवर घालवा आणि दुसऱ्या दिवशी दार उघडताच, सकाळी ६ ला आत जा. आमच्या कोटेशनमध्ये फी किती दिवसांची धरली आहे ते वेगळ्या ओळीत लिहिलेलं असतं. दुसरीकडून कोटेशन घेतलंत तरी ही ओळ शोधा. नसेल तर विचारा, कारण स्वस्त दिसणाऱ्या दरातून बऱ्याचदा हीच ओळ गळालेली असते.

गाडीत काटकसर नको

सुरुवातीच्या एका सहलीत पैसे वाचावेत म्हणून आम्ही लँड क्रूझरऐवजी व्हॅन घेतली होती. रात्री पाऊस झाला, सकाळी व्हॅन चिखलात रुतली आणि बाहेर निघेपर्यंत सकाळची सगळी वेळ गेली. प्राणी दिसण्याची सगळ्यात चांगली वेळ तीच असते. त्या मंडळींचा तो दिवस परत देणं आमच्या हातात नव्हतं, याचं वाईट आजही वाटतं. तेव्हापासून मारासाठी आम्ही छत उघडणारी फोर बाय फोर गाडीच देतो आणि एका गाडीत सहाच माणसं बसवतो, म्हणजे प्रत्येकाला खिडकी मिळते.

गाडी, डिझेल आणि चालक-वाटाड्या यांचा खर्च माणसांवर नसतो, गाडीवर असतो. दिवसाला २५० डॉलर धरले तर दोघांना प्रत्येकी १२५ पडतात, सहा जणांना जेमतेम ४२. म्हणून भाऊ-बहिणीचं कुटुंब किंवा सोसायटीतले शेजारी सोबत येत असतील तर जरूर जमवा. मात्र ज्याला फोटोसाठी एकाच चित्त्यापाशी दोन तास थांबायचं आहे आणि ज्याला पुढे पळायचं आहे, त्या दोघांना एका गाडीत बसवू नका.

किती ठिकाणं करावीत

सात दिवसांत अंबोसेली उद्यान, नैवाशा आणि नाकुरूची तळी आणि मारा असं सगळं बसवून द्या, असा आग्रह होतो. बसवता येतं, पण निम्मे दिवस रस्त्यावर जातात. अंबोसेली ते मारा हा जवळजवळ दिवसभराचा प्रवास आहे. मारात तीन रात्री ठेवा, वाटेत नैवाशाला एक. हत्तींचे कळप आणि मागे ५,८९५ मीटर उंचीचा किलिमांजारो पाहायचाच असेल तर अंबोसेलीला दोन रात्री द्या आणि नाकुरू सोडा. नाकुरूच्या तळ्यात पाणी वाढल्यापासून फ्लेमिंगो पूर्वीसारखे दाटीने दिसत नाहीत. गेंड्यांसाठी मात्र ते ठिकाण अजूनही उत्तम आहे. मारातली बलूनची फेरी माणशी साधारण ४५० ते ५०० डॉलरची, आणि ती पूर्ण ऐच्छिक. त्याच पैशांत मारातला मुक्काम वाढत असेल तर आमचं मत मुक्कामाच्या बाजूने.

विसरले जाणारे खर्च

जानेवारी २०२४ पासून केनियाला व्हिसाऐवजी ईटीए (प्रवासाची आगाऊ ऑनलाइन परवानगी) लागतो, त्याची सरकारी फी ३० डॉलर. अर्ज ऑनलाइन, पासपोर्ट किमान सहा महिने चालणारा हवा. पॅकेजवर जीएसटी आणि टीसीएस (बुकिंगच्या वेळीच घेतला जाणारा आगाऊ आयकर) लागतो. टीसीएसचा दर अर्थसंकल्पात बदलत असतो, म्हणून बुकिंगच्या दिवशीचा दर आम्ही लेखी देतो. ही रक्कम तुमच्या पॅनवर जमा होते आणि आयकर विवरणपत्र भरताना वळती करता येते, त्यामुळे पावती जपून ठेवा. चालकाला दिवसाच्या हिशेबाने टिप देण्याची पद्धत आहे. प्रवास विम्यात विमानाने रुग्णालयात हलवण्याचा खर्च धरलेला आहे का, ते नीट वाचा. मारापासून मोठं रुग्णालय लांब आहे.

पिवळ्या तापाची लस सगळ्यात महत्त्वाची. ती सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर १० दिवसांनी लागू होतं, पुढे आयुष्यभर चालतं. ते नसेल तर परत आल्यावर आपल्याच विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात पाठवू शकतात. वयस्कर मंडळींनी आणि गरोदर महिलांनी आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावं. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारा.

बॅग भरताना

मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंचावर आहे. उघड्या छताच्या गाडीत पहाटे चांगलंच गारठतं, तेव्हा स्वेटर आणि कानटोपी घ्या. चिवडा, चकल्या, थेपले जरूर न्या, पण स्टीलच्या नाहीतर पक्क्या डब्यात. केनियात २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे आणि उद्यानांत एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटल्याही चालत नाहीत. ड्रोन घरी ठेवा. शाकाहारी जेवणाची काळजी करू नका. नैरोबीत गुजराती वस्ती जुनी आहे आणि लॉजवरही भाजी, डाळ, चपाती सहज मिळते. कांदा-लसूण चालत नसेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा, स्वयंपाकघराला आम्ही आधी कळवतो.

भेटीला येताना सगळ्यांच्या पासपोर्टची झेरॉक्स, मुलांच्या शाळेचं सुट्टीचं वेळापत्रक आणि घरात कुणाला पाठीचा किंवा मणक्याचा त्रास असेल तर ती माहिती सोबत आणा. माराचे रस्ते खडबडीत आहेत. अशा वेळी आम्ही नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने जाण्याचा पर्याय काढून देतो. त्यात सामान माणशी १५ किलोच चालतं, तेही मऊ बॅगेत.